फेंटानिल ‘बंदी असलेलं’ म्हणायचं का?

रत्नागिरीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या आत्याला कॅन्सर आहे, दुखणं सोसेना म्हणून डॉक्टरांनी फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच दिलाय, आणि पेपरात कुठल्याशा छाप्याच्या बातमीत ‘बंदी असलेला अफूजन्य अमली पदार्थ फेंटानिल’ असं छापून आलं, ते वाचल्यापासून घरात एकच धोशा, तो पॅच काढून टाका. तर हे शब्द बरोबर आहेत का, आणि अमली लिहायचं की अंमली, असा प्रश्न आहे.

ताई, आधी एक, पॅच काढू नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, पण बातमीतल्या विशेषणापायी आत्याला वेदनेत ठेवू नका. विशेषणच चुकलंय.

आपण ज्याला एनडीपीएस म्हणतो त्या १९८५ च्या कायद्याचं मराठी नाव लांबलचक आहे, गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम. त्याचं कलम ८ बाळगायला, विकायला, वापरायला मनाई करतं हे खरं, पण त्याच कलमात वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारण वगळलेलं आहे, म्हणजे लायसन असलेल्या ठिकाणाहून, डॉक्टरच्या चिठ्ठीवर, रजिस्टरला नोंद करून मिळालेलं औषध कायद्यात बसूनच मिळालेलं असतं. २०१४ च्या दुरुस्तीनं तर ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधं’ असा वेगळा वर्गच केला, मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन ही त्यातलीच, आणि हे केलं ते आत्यासारख्या पेशंटना औषध मिळायला हेलपाटे पडू नयेत म्हणून. तेव्हा शब्द ‘नियंत्रित’. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीकडे कर्दे, लाडघरच्या किनाऱ्याला चरसची पाकिटं लागली होती, त्याला बंदी असलेला पदार्थ म्हणा, कोणी हरकत घेणार नाही. पण तोच शब्द हॉस्पिटलातल्या औषधाला लावला की घरचे घाबरतात आणि भोगतो पेशंट. मला याचा खरंच राग येतो.

नियंत्रण एवढं कडक का, तर फेंटानिल मॉर्फिनच्या ५० ते १०० पट तीव्र आहे. कायद्यात ‘स्मॉल क्वांटिटी’ म्हणजे कमी शिक्षेची मर्यादा हेरॉइनला ५ ग्रॅम आहे, फेंटानिलला ०.००५ ग्रॅम. पाच मिलिग्रॅम! आणि जिथून किमान दहा वर्षांची शिक्षा लागते ती ‘कमर्शियल क्वांटिटी’ हेरॉइनची २५० ग्रॅम, याची ०.१ ग्रॅम. बेकायदा माल पकडला तर पोलिसांनी कडकच वागायला हवं, त्यात दुमत नाही.

आता ‘अफूजन्य’. अफूच्या बोंडाच्या चिकापासून निघतं ते अफूजन्य, म्हणजे मॉर्फिन, कोडीन. फेंटानिल १९६० च्या सुमारास बेल्जियमच्या पॉल यान्सेन यांनी प्रयोगशाळेत बनवलं, त्यात अफूचा कणही लागत नाही, ते फक्त शरीरात अफूसारखं काम करतं. ओपिऑइड शब्दातलं शेवटचं ‘ऑइड’ म्हणजे ‘सारखं’, म्हणून मी ‘अफूसदृश’ किंवा सरळ ओपिऑइड लिहितो, आणि कारखान्यात बनलेलं सांगायचं असेल तर कृत्रिम ओपिऑइड. मग सगळ्या ओपिऑइडना मिळून कायद्यातलाच ‘गुंगीकारक’ शब्द का नको, कारण कायद्यात वर्ग ठरतो तो यादीत नाव कुठे घातलंय त्यावरून. ट्रामाडॉल हेही कृत्रिम ओपिऑइडच, पण एप्रिल २०१८ मध्ये ते कायद्याखाली आणलं ते मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्यांच्या यादीत. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकेत जाणाऱ्या गोळ्यांचं प्रकरण निघालं, आपल्या उत्तर कोकणातल्या पालघरपर्यंत धागा आला, तेव्हा सरकारनं बनवायची नि निर्यातीची परवानगी काढून घेतली ती टॅपेंटाडॉल (हेही ओपिऑइड वेदनाशामक) आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं औषध) यांच्या मिश्रणाची, नुसत्या टॅपेंटाडॉलची नाही. बातमी लिहिताना ‘टॅपेंटाडॉलवर बंदी’ असं एका फटक्यात लिहून मोकळं होणं बरोबर नाही.

अमली की अंमली म्हणाल तर मूळ अरबी अमल, मराठीत अनुस्वार घेऊन अंमल झाला, राज्याचा अंमल आणि दारूचा अंमल दोन्ही त्यातलेच. छापील मजकुरात दोन्ही रूपं दिसतात, मी अनुस्वाराशिवाय लिहितो. पण शब्द नशेसाठी आहे, म्हणून बेकायदा विकल्या जाणाऱ्या मालाला तो शोभतो, आत्याच्या पॅचला ‘औषध’च म्हणा.

आणि हे शब्दाबाहेरचं, पण सांगतोच. डॉक्टरची चिठ्ठी आणि पॅचचं खोकं जपून ठेवा, पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, आणि साधारण ७२ तासांनी बदलताना काढलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं, तो चिकट बाजू आत करून दुमडा, पोरांच्या हाताला लागता कामा नये.