न भरणारी जखम आणि 'ईबर पॉझिटिव्ह' : प्रश्नोत्तरे

प्रश्न : नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या ७१ वर्षांच्या बाबांच्या पोटरीवरची जखम चार महिने भरली नाही. बायोप्सीत 'ईबर पॉझिटिव्ह लिम्फोमा' आला. एचआयव्ही नाही, मधुमेह नाही. मग हे कसं झालं?

उत्तर : लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग. ईबर म्हणजे एपस्टाइन-बार विषाणूचा (ईबीव्ही) आरएनए. गाठीच्या पेशींतच तो सापडला, म्हणजे विषाणू तिथे आहे. ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या बी-पेशींत (एका प्रकारच्या लिम्फोसाइट) हा विषाणू आयुष्यभर दडून असतो आणि टी-पेशी (दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोसाइट) त्याला आवरून धरतात. वयानुसार ही पकड ढिली होते; नेहमीच्या रक्ततपासणीत ते दिसत नाही. औषधांची पिशवी मात्र पुन्हा तपासा. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट सांगायची राहून जाते, आणि ती थांबवल्यावर अशा काही जखमा केमोशिवाय भरतात. थांबवायची ती डॉक्टरांना विचारूनच.

आता खरा प्रश्न : पेशी कोणती? सीडी२० (पेशीवरची एक ओळखखूण) असलेल्या बी-पेशी आणि एकच उथळ जखम असेल, तर आजार बहुधा सौम्य असतो. सीडी५६ ही खूण असलेला, एनके (नॅचरल किलर) किंवा टी-पेशींचा 'एनके/टी' लिम्फोमा मात्र धडधाकट, तरुण माणसालाही होतो आणि वेगाने पसरतो. तो बऱ्याचदा नाकात सुरू होतो, म्हणून नाकाची दुर्बिणीतून तपासणी आणि पेट-सीटी (पूर्ण शरीराचा स्कॅन) दोन्ही हवेत. त्याच्या पेशी डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध बाहेर फेकतात. त्यामुळे ते औषध असलेली नेहमीची 'चॉप' केमो तोकडी पडते आणि ॲस्परॅजिनेज हे औषध असलेले उपचार द्यावे लागतात. म्हणून केमोआधी बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड (काचपट्ट्या) खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग केंद्रात दाखवून दुसरं मत घ्याच.

प्रश्न : माझ्या रक्तात ईबीव्ही आयजीजी (त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आहे. कॅन्सर होईल?

उत्तर : नाही, त्यावरून तसं ठरत नाही. पूर्वी कधीतरी संसर्ग झाला होता, एवढाच त्याचा अर्थ. आणि लिम्फोमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

प्रश्न : कोपरखैरण्याच्या दवाखान्यात बायोप्सी ठरली आहे. काय सांभाळावं?

उत्तर : तुकडा जखमेच्या कडेचा, चरबीपर्यंत खोल हवा. मधल्या काळ्या भागात मेलेल्या पेशीच मिळतात. स्टिरॉइड मलम किंवा गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, कारण त्याने लिम्फोमाच्या पेशी तात्पुरत्या विरतात आणि अहवालात नुसती 'सूज' येते. तुकडा सलाइनमध्ये नव्हे, त्याच्या आकारमानाच्या दहापट फॉर्मलिनमध्ये (१० टक्के, बफर्ड), त्याच दिवशी प्रयोगशाळेत जावा. ईबर निगेटिव्ह आलं तर आरएनए शाबूत होता का, त्याची कंट्रोल चाचणी केली का, हे विचारा.

प्रश्न : ऐरोलीत डास खूप. मुलाला चावल्यावर मोठा फोड येतो. घाबरावं का?

उत्तर : नुसती सूज, खाज असेल तर नाही. फोड काळा पडून व्रण राहत असेल, प्रत्येक वेळी ताप येत असेल, मानेत गाठी असतील किंवा उन्हाने चेहऱ्यावर असेच फोड उठत असतील, तर त्यामागे ईबीव्ही असू शकतो; रक्तातला ईबीव्ही डीएनए मोजून घ्या आणि बालरक्तविकारतज्ज्ञांना दाखवा.