बागेतला हौद सारखा हिरवा का होतो?

मार्च उजाडला की हौदातल्या शेवाळाबद्दलचे प्रश्न सुरू होतात. यंदा आलेल्यांपैकी काही.

रुईकर कॉलनीत घरामागे सहा बाय चार फुटांचा, दोन फूट खोल हौद आहे. त्यात डझनभर गोल्डफिश. दर महिन्याला सगळं पाणी उपसून भिंती घासतो, तरी आठवड्यात पाणी पुन्हा हिरवं! काय चुकतंय?

घासणंच चुकतंय. भिंतीवरच्या बुळबुळीत थरात माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू असतात. तुम्ही दर महिन्याला त्यांनाच गटारात सोडता.

हिरवं पाणी म्हणजे डोळ्यांना सुटं न दिसणारं शेवाळ. त्याला वाढायला ऊन आणि नत्र-स्फुरद मिळालं की झालं. सांडपाणी मिसळायला लागल्यावर कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं काय झालं, ते आपण सगळ्यांनी नाक दाबून पाहिलंय. तुमच्या हौदात सांडपाण्याचं काम माशांचं खाद्य करतं. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच टाका, तेही दिवसातून एकदा. पाहुण्यांच्या पोरांच्या हाती खाद्याचा डबा देऊ नका. तुमचा हौद जेमतेम 1350 लिटरचा. गोल्डफिश वाढतात आणि घाणही बरीच करतात, त्यामुळे बारा जास्तच झाले. निम्मे कुणाला तरी देऊन टाका.

उन्हासाठी कुमुदिनीच्या दोन कुंड्या ठेवा. पानांनी अर्ध्याहून थोडं जास्त पाणी झाकलं की पुरे. कुंडीत शेणखत घालायचा मोह टाळा, नाहीतर शेवाळालाच जेवण वाढल्यासारखं होईल. कडेला अळू किंवा कर्दळ मुळं पाण्यात राहतील अशी लावा. पाण्यातलं नत्र ती भराभर ओढतात.

पाणी बदलायचंच तर आठवड्याला दीडशे-दोनशे लिटर. नळाचं पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवून मग सोडा, म्हणजे क्लोरीन उडून जातं. ऊसपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात खताचं नायट्रेट उतरलेलं असू शकतं, तेही ध्यानात असू द्या. आणि जरा दमानं घ्या. पाणी निवळायला महिना-दीड महिना सहज जातो.

द्राक्षबागेत मोरचूद फवारतात. हौदात चिमूटभर टाकला तर शेवाळ जाईल ना? (फुलेवाडी)

शेवाळ जाईल, मागोमाग मासेही जातील. मोरचुदातलं तांबं माशांना आणि गोगलगायींना विषारी असतं आणि पाणी जितकं मऊ, तितका धोका जास्त. पावसाच्या पाण्यावर भरलेल्या हौदात तर विचारूच नका. मासे विषातून वाचले तरी पुढे दुसरं संकट असतं. एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. शिवाय तांबं विरघळून नाहीसं होत नाही, तळच्या गाळात साठत राहतं. मासे असलेल्या हौदात मोरचूद नको म्हणजे नकोच.

परदेशात तळ्यात बार्लीचा पेंढा टाकतात म्हणे. आमच्याकडे भाताचं पिंजर भरपूर आहे, चालेल?

बार्लीचा पेंढासुद्धा असलेलं शेवाळ मारत नाही. तो सावकाश कुजताना नवीन वाढ थोपवतो, असा अनुभव. तोही सगळीकडे सारखा नाही. लहान हौदात, आपल्या उन्हात, पिंजर कुजलं तर ऑक्सिजन आधी संपेल. गुरांना घाला.

पाणी स्वच्छ आहे, पण दगडांवर लांब केसांसारखं शेवाळ लोंबतं.

खरखरीत काठी घालून गोल फिरवा, गुंडाळून येतं. थोडं कंपोस्टमध्ये टाका, उत्तम खत होतं. दगडांवरचं पातळ हिरवं अस्तर मात्र राहू द्या, मासे ते कुरतडतात.

पंचगंगेतली जलपर्णी आणून सोडली तर?

ती पाण्यातलं नत्र शोषते, हे खरं. पण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि दर रविवारी उपसत बसावं लागतं. कंटाळून कुणीतरी ती ओढ्यात फेकतंच. नको.

दुकानदार यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा घ्या म्हणतो.

पाणी हिरवं असेल तर उपयोग होतो. दिव्यासमोरून जाणाऱ्या पाण्यातलं सुटं शेवाळ मरून गोळा होतं आणि फिल्टरमध्ये अडकतं. दगडांवरच्या केसाळ शेवाळाला त्याचा काही फरक पडत नाही. फिल्टर आणि पंप नसेल तर दिव्याचे पैसे वाया जातील. शिवाय त्याची नळी साधारण वर्षभराने बदलावी लागते. ती पेटलेली दिसली तरी तिचा जोर ओसरलेला असतो. हे दुकानदाराने सांगितलं का, तेवढं विचारा.