नानांच्या पोटातील ३.८ सेंटिमीटरचा फुगवटा

प्रश्न : आमचे नाना ६८ वर्षांचे आहेत. मूतखड्यासाठी जळगावला केलेल्या सोनोग्राफीत त्यांच्या पोटातील महाधमनी ३.८ सेंटिमीटरपर्यंत फुगल्याचे आढळले. ते बिडी ओढतात, त्यांचा रक्तदाब वाढलेला असतो आणि केळीच्या कापणीत ते अजूनही घड उचलतात. गेल्या वर्षी माझे सख्खे काका पाठीत कळ येऊन दोन तासांत गेले, तेव्हा ‘मोठी नस फाटली’ असे सांगण्यात आले. नानांची नसही केव्हाही फुटेल काय? – एक वाचक, ता. रावेर

उत्तर : तुमची धास्ती समजण्यासारखी आहे, पण त्या अहवालातील आकडा धीर देणारा आहे. पोटातील महाधमनी ३ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद झाली की तिला फुगवटा म्हणतात, आणि ती ५.५ सेंटिमीटरच्या आत असेपर्यंत फुटण्याची शक्यता साधारणपणे वर्षाला शंभरात एक किंवा त्याहूनही कमी असते. म्हणूनच पुरुषांत शस्त्रक्रियेचा विचार सहसा ५.५ सेंटिमीटरला होतो. मात्र फुगवटा झपाट्याने वाढत असेल किंवा दुखत असेल, तर त्याआधीही होतो. नानांच्या मापाला बहुधा वर्षातून एकदा सोनोग्राफी पुरते, आणि ती शक्यतो एकाच केंद्रात करावी, कारण दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हातानेही पडतो.

काकांचा आजार कदाचित वेगळा असावा. महाधमनीचा आतला पापुद्रा चिरून रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरते, त्याला विच्छेदन म्हणतात. ते दुर्मीळ आहे. वर्षाला लाखामागे सुमारे तीन ते सहा जणांना होते, आणि त्यामागे बहुतेकदा दुर्लक्षित रक्तदाब असतो. तरीही सख्ख्या भावाला हा आजार झाला असेल, तर नानांच्या छातीतील महाधमनीही इकोने किंवा सीटी स्कॅनने एकदा पाहून घ्यावी. काकांचे कागद सापडले, तर ते डॉक्टरांना जरूर दाखवा.

आता बिडी. माझ्या मते औषधांच्या यादीपेक्षा तीच आधी सुटली पाहिजे, कारण फुगवटा होण्यामागे, वाढण्यामागे आणि फुटण्यामागे धूम्रपानाइतका हातभार दुसऱ्या कोणत्याही सुधारता येण्याजोग्या कारणाचा नाही. ‘दिवसाला दोनच ओढतो’ हे समाधान इथे कामाचे नाही. रक्तदाब १३०/८० च्या आसपास राहावा, आणि बरे वाटते म्हणून गोळी मध्येच बंद करू नये. चालणे चालू ठेवावे. श्वास रोखून जड घड खांद्यावर घेणे मात्र मुलांकडे सोपवावे. जंतुसंसर्गासाठी कोणी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन लिहून दिल्यास फुगवट्याची कल्पना द्यावी, कारण अशा रुग्णांत ही औषधे शक्यतो टाळली जातात.

छातीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये किंवा पोटात एकाएकी असह्य कळ आली, घाम सुटला किंवा भोवळ आली, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पाजत बसू नका. १०८ ला फोन करून फुगवटा असल्याचे आधीच सांगा. ही वेदना हृदयविकाराच्या झटक्यासारखी वाटू शकते, आणि त्या समजुतीने दिलेले रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन विच्छेदनात घातक ठरते. या आजारावरील शस्त्रक्रिया घडविणारे अमेरिकी शल्यविशारद मायकेल डिबेकी यांना २००५ च्या अखेरीस, वयाच्या ९७ व्या वर्षी, हेच विच्छेदन झाले आणि त्याच शस्त्रक्रियेने ते वाचले. सोनोग्राफीच्या अहवालाची प्रत नानांच्या खिशात आणि घरातील एकाच्या मोबाइलवर ठेवा.