युनिव्हर्सल रिमोटवरचं 'सगळं चालू' बटण दाबलं की टीव्ही लागतो पण होम थिएटर कधी लागतं कधी नाही, कोड परत टाकावा का?

कोड परत टाकू नका. तुम्हीच लिहिलंय की टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि होम थिएटर वेगवेगळे लावले तर तिन्ही या रिमोटने चालतात, म्हणजे कोड बरोबरच आहेत. आणि शेवटी ते जे लिहिलंय ना, "घरच्यांना वापरता येत नाही", ते वाक्य आधी मागे घ्या. हेच वाक्य आमच्या घरात आईबद्दल वर्षभर ऐकलंय मी.

आमच्याकडे सेटिंग दादाने केलेलं. एक बटण दाबलं की रिमोट एकापाठोपाठ एक सिग्नल सोडणार, आधी टीव्हीला पॉवर, मग बॉक्सला, मग होम थिएटरला, शेवटी टीव्हीचा इनपुट. दादाच्या हातून दर वेळी व्यवस्थित व्हायचं. आईच्या हातून मधूनच बिघडायचं, चित्र यायचं पण आवाज नाही, मग ती तेच बटण परत दाबायची, तर टीव्ही बंद आणि होम थिएटर चालू. परत दाबलं की उलटं. दादाचं मग ठरलेलं, आई राहू दे तुला नाही जमत, आम्ही आलो की लावून देतो. आणि तिने खरंच सोडून दिलं. दुपारी एकटी असताना टीव्ही लावेनाशी झाली, विचारलं तर म्हणायची बघण्यासारखं काही नसतं गं.

मला ते फार लागलं. एकदा सुट्टीच्या दिवशी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं तू लाव, मी काही बोलणार नाही. तेव्हा कळलं. ती बटण दाबते, टीव्हीचा दिवा बदललेला दिसला की रिमोट मांडीवर ठेवते. कोणीही हेच करेल. पण रिमोटमधून अजून तीन-चार सेकंद सिग्नल सुटत होते आणि त्याचं तोंड सोफ्याकडे, मग होम थिएटरपर्यंत पोचणार काय? दादाला हे माहीत होतं म्हणून तो शेवटपर्यंत हात समोर धरून थांबायचा, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी मोबाईलचा पुढचा कॅमेरा रिमोटच्या तोंडासमोर धरून व्हिडिओ काढला (डोळ्यांना इन्फ्रारेड दिसत नाही, कॅमेऱ्यात जांभळट लुकलुकताना दिसतं) आणि टीव्ही लागल्यावरही ते किती वेळ लुकलुकतंय ते दादाला पाठवलं.

आता एक सिग्नल चुकला तर एवढी उलटापालट का होते, तर बहुतेक रिमोटवरचं पॉवर बटण "चालू हो" असं सांगतच नाही, "आहेस त्याच्या उलट हो" असं सांगतं. याला टॉगल म्हणतात. आणि इन्फ्रारेड रिमोट फक्त बोलतो, त्याला ऐकू काही येत नाही, समोरचं चालू आहे की बंद हे त्याला कळणार कुठून. तिघांपैकी एकाची गाडी चुकली की पुढे प्रत्येक वेळी ते उलटंच राहणार.

यावर खरा उपाय म्हणजे चालूचा वेगळा आणि बंदचा वेगळा सिग्नल. बऱ्याच यंत्रांना तो समजतो, पण मूळ रिमोटवर तसं बटणच नसतं, त्यामुळे लर्निंगने (मूळ रिमोट समोर धरून त्याचं बटण या रिमोटला शिकवणं) तो शिकवता येत नाही. तुमच्या रिमोटच्या यादीत पॉवर ऑन आणि पॉवर ऑफ अशी दोन वेगळी नावं दिसतात का ते बघा. आमच्या होम थिएटरला ती नव्हती, मग मी त्या बटणातून होम थिएटरची आणि बॉक्सची पॉवर काढूनच टाकली. बॉक्स आम्ही चालूच ठेवतो, आणि टीव्ही व होम थिएटर दोन्हीच्या मेनूत जाऊन एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआय केबलमधून यंत्रं एकमेकांना चालू-बंद सांगतात ती सोय) चालू केलं. सॅमसंगवर त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक, गोष्ट एकच. टीव्ही लागला की तोच केबलमधून होम थिएटरला उठवतो. आवाजाची बटणं, रिमोट तेव्हा कुठल्याही यंत्रावर लावलेला असला तरी, होम थिएटरलाच जातील असं लॉक करून टाकलं. आई आता एक बटण दाबते आणि रिमोट कुठेही ठेवते.

दादा अजूनही म्हणतो त्याचं सेटिंग बरोबर होतं, फक्त रिमोट समोर धरायला हवा होता. मला हे मान्य नाही आणि कधी होणार नाही. ज्याने बसवलंय फक्त त्यालाच चालवता येतं ते सेटिंग अर्धवट आहे, चूक वापरणाऱ्याची नाही.

हां, एक राहिलं, सीईसी सगळ्या जोड्यांवर नीट चालतंच असं नाही, कधी कधी इनपुट आपोआप बदलतो. तसं झालं तर मूळ पद्धत ठेवा पण होम थिएटरचा सिग्नल सगळ्यात आधी सोडा आणि टीव्हीचा शेवटी, म्हणजे टीव्ही लागेपर्यंत माणूस हात समोर धरतोच. फक्त टीव्हीला जागं व्हायला वेळ लागतो, इनपुट बदलायचा असेल तर मध्ये थोडा थांबा टाकावा लागेल. आणि लर्निंगने शिकवलेलं एखादं बटण जवळून चालतं पण लांबून नाही असं असेल तर ते परत शिकवा, सिग्नल किती वेगाने लुकलुकतो ते प्रत्येक पद्धतीत वेगळं असतं, सोनीचे साधारण 40 किलोहर्ट्झवर, फिलिप्सच्या आरसी-5 पद्धतीचे 36 वर, एनईसी पद्धतीचे 38 वर, शिकवताना हा वेग थोडा चुकला तरी जवळून चालून जातं म्हणून लक्षात येत नाही. फक्त ब्लूटूथ रिमोटवरच चालणारं काही जोडलेलं असेल तर त्याला यातला कुठलाच इन्फ्रारेड कोड लागणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

घरात नक्की कोणाला जमत नाहीये ते तुम्ही लिहिलं नाही. जे कोणी असेल ते बटण दाबल्यावर रिमोट कुठे ठेवतात तेवढं एकदा शेजारी बसून बघा आणि मग इथे लिहा.