पश्चात्ताप, खंत की रुखरुख?

फोंड्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न: विद्यार्थ्यांसाठीच्या समुपदेशन पत्रकाचं शीर्षक 'पश्चाताप सोडा, आशावादी बना' असं ठरलं आहे. हे बरोबर आहे का?

आधी लेखन. पश्चात् + ताप, म्हणून त दोनदा: पश्चात्ताप. याच 'पश्चात्'पुढे बुद्धी आली की त् चा द् होतो आणि पश्चाद्बुद्धी हा शब्द तयार होतो.

खरी अडचण अर्थाची आहे. पश्चात्ताप होतो तो आपल्या हातून घडलेल्या चुकीचा. संतवाङ्मयातला 'अनुताप' त्याचाच सख्खा भाऊ, आणि तिथे तो माणसाला शुद्ध करणारा मानला आहे. म्हणून 'पश्चात्ताप सोडा' हे मराठी कानाला 'चुकलात तरी खुशाल राहा' असं ऐकू येतं. मुलांना हे नक्कीच सांगायचं नसणार.

बारावीला हवी ती शाखा घेतली नाही, आजी आजारी असताना काणकोणला जायचं राहून गेलं, असलं जे मनात सलत राहतं ती रुखरुख. ती 'लागते' आणि लागूनच राहते. चुटपुट त्याहून हलकी: कुणाचे आभार मानायचे राहिले, एवढ्यावरही लागते. हळहळ दुसऱ्याच्या नुकसानीचीही वाटते. खंत जुनी आणि खोल असते. ती नुसती वाटत नाही, आपण ती बाळगतोही.

मग शीर्षकात 'खंत' का नको? गोव्यातली मुलं मराठी वाचतात तेव्हा कोंकणीही कानात असते, आणि कोंकणीत खंत म्हणजे सरसकट दुःख. घरात नुकतंच कुणी गेलं असेल त्या मुलाला 'खंत सोडा' हे 'रडू नकोस' असं लागेल. रुखरुख या शब्दात तो धोका नाही.

पत्रकाच्या मजकुरात वाक्यांच्या घडणीकडेही बघा. रुखरुखीची वाक्यं ठरावीक असतात: 'अभ्यास करायला हवा होता', 'विचारलं असतं तर बरं झालं असतं'. 'असतं तर' ची वाक्यरचना न घडलेल्या गोष्टीवर दार लावते, तिच्यातून पुढे जायला वाट नाही. मुलांना असं एकच वाक्य लिहायला सांगा. मग त्याच क्रियापदाचा भविष्यकाळ करून त्याला दिवस किंवा वेळ जोडायला लावा: 'सोमवारी सरांना विचारीन'. दिवस न जोडता 'यापुढे विचारत जाईन' एवढंच लिहिलं की ते संकल्पातच अडकतं. जिथे भविष्यकाळ होऊच शकत नाही, जसं आजीचं, तिथे क्रियापद बदलू द्या: 'आजीची हकिकत आईकडून लिहून घेईन'. 'झालं गेलं गंगेला मिळालं' हे मात्र समुपदेशकाने म्हणू नये. स्वतःशी म्हटलं तर ते दिलासा देतं, दुसऱ्याने म्हटलं की बोलणंच संपतं.

आता 'आशावादी'. 'आशावादी बना' मध्ये उपदेशाचा सूर आहे, आणि मराठीत आशेला वाट बघण्याची छटा चिकटलेली आहे: आशेवर बसणे, आशाळभूत. त्यापेक्षा फारसीतून आलेला 'उमेद' कितीतरी चांगला. उमेद धरतात, ती खचते आणि पुन्हा बांधता येते. उमेदवार म्हणजे मुळात उमेद धरणारा. 'उमेदवारी करणे' म्हणजे पुढे जागा मिळेल या भरवशावर आज काम शिकत राहणे. आशा आणि हातातलं काम एकाच शब्दात आली आहेत. आणि भरवशाचं म्हणाल तर गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत आशेला 'भरवंसो'च म्हणतात, त्यामुळे हा शब्दही मजकुरात बिनदिक्कत वापरा.

शीर्षक असं करता येईल: 'रुखरुख सोडू, उमेद धरू'. 'सोडा, धरा' पेक्षा 'सोडू, धरू' बरं, कारण त्यात लिहिणाराही मुलांबरोबर असतो.