पिनकोडात दोन वर्ग का सापडत नाहीत?

प्रश्न : आमचा पिनकोड ४४००१३. त्याला ४ ने भागले की बाकी १ उरते. अशी संख्या दोन वर्गांच्या बेरजेने मांडता येते असे वाचले होते, जसे १३ = ९ + ४. दहावीतली मुलगी आणि मी ६६३ पासून खाली एकेकाचा वर्ग वजा करत आलो, पण जमत नाही. कुठे चुकते आहे?
– एक वाचक, काटोल रोड, नागपूर

उत्तर : वजाबाक्या बरोबर आहेत, नियम मात्र अर्धाच वाचला गेला. बाकी १ असली की दोन वर्ग मिळतातच, हा फ्रेंच गणितज्ञ फर्माचा नियम मूळ संख्यांपुरता आहे. ४४००१३ च्या अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ ने भाग जातो, पण ९ ने जात नाही. सगळी अडचण इथेच आहे.

कोणत्याही वर्गाला ३ ने भागा, बाकी ० किंवा १ च येते, २ कधीच नाही. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेला ३ ने भाग जायचा तर दोन्ही बाक्या ० हव्यात. मग दोन्ही संख्या ३ च्या पाढ्यातल्या, त्यांचे वर्ग ९ च्या पाढ्यातले आणि बेरीजही ९ च्याच पाढ्यातली. ४४००१३ तशी नाही. वजाबाकीला बसण्याआधी ही कसोटी लावा, अर्धा मिनिट पुरतो.

अवयवही पाडून पाहा. ३ ने भागून १४६६७१, ७ ने २०९५३, २३ ने ९११. इथे पुष्कळ मुले वेळ घालवतात : सुरुवातीच्या संख्येचे वर्गमूळ ६६३, म्हणून तिथपर्यंत भागत राहतात. मर्यादा उरलेल्या संख्येबरोबर खाली आणायची. ९११ चे वर्गमूळ ३० च्या जरासे पुढे आहे. २३ ने पुन्हा आणि २९ ने भाग जात नाही, लहान मूळ संख्या आधीच तपासून झाल्या, तेव्हा ९११ मूळ.

३, ७, २३, ९११ या चौघांचीही ४ ने भागल्यावर बाकी ३. चार तिनांचा गुणाकार ८१, त्याची बाकी १. तुम्हाला फसवणारा १ तो हाच! पूर्ण नियम असा : बाकी ३ देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यायला हवा.

धरमपेठेचा ४४००१० हा नियम पाळतो : २ × ३ × ३ × ५ × ४८८९. ९ बाजूला ठेवा. २ × ५ = १० म्हणजे ३ आणि १ चे वर्ग; ४८८९ म्हणजे ६७ आणि २० चे. या दोन जोड्यांवरून १० × ४८८९ चे दोन वर्ग काढू : ६७ × ३ − २० × १ = १८१ आणि ६७ × १ + २० × ३ = १२७. बाजूला ठेवलेल्या ९ साठी दोन्हींची तिप्पट ५४३ आणि ३८१. त्यांच्या वर्गांची बेरीज बरोबर ४४००१०.

प्रश्न : मग ४४००१३ तीन वर्गांत तरी बसते का?

उत्तर : हो. ४ ने जितके वेळा भाग जाईल तितके भागून जी संख्या उरते, तिची ८ ने भागल्यावर बाकी ७ आली तरच तीन वर्ग अशक्य. इथे ४ ने भाग जातच नाही आणि ८ ची बाकी ५ आहे. ६६३ चा वर्ग वजा केला तर ४४४ उरतात. त्यांनाही ३ ने भाग जातो, ९ ने नाही, म्हणून ते सोडा. ६६२ चा वर्ग वजा करून उरतात १७६९, म्हणजे २९ × ६१, दोन्ही बाकी १ चे. १७६९ = १६०० + १६९. तुमचे तीन वर्ग ६६२, ४० आणि १३ यांचे.