देव दिसला, आवाज ऐकू आला असं सांगणाऱ्याला मानसशास्त्र आजारी ठरवतं का?

नाही, सरसकट अजिबात नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच यावर आख्खं पुस्तक लिहिलं, त्याचं म्हणणं असं की अनुभवामागे मेंदूचं काहीतरी कारण सापडलं म्हणून तो फालतू ठरत नाही, माणसाच्या जगण्यावर काय परिणाम झाला ते बघा. आणि जवळचं माणूस गेल्यावर त्याचा आवाज येणं हे तर धडधाकट लोकांनाही होतं, खूप जागरण, उपास, एकांत यानेही असं होऊ शकतं. देव खरंच आला होता का हे मानसशास्त्र तपासत नाही. डॉक्टर बघतात की झोप उडालीय का, कामधंदा सुटलाय का, तो आवाज इजा करायला सांगतोय का, तसं असेल तर मात्र श्रद्धेवर वाद न घालता लगेच सायकियाट्रिस्टकडे न्या प्लीज.